फास्ट प्राइम लेन्स पारखताना

लेन्सच्या पुढच्या कड्यावर जे आकडे कोरलेले असतात, त्यांपैकी ग्राहकाची नजर सर्वप्रथम जाते ती ‘१:१.४’ किंवा ‘१:१.८’ यांसारख्या आकड्याकडे. हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स ‘फास्ट’ आणि तितकीच महाग, हे बाजारातले गणित सर्वपरिचित आहे. मात्र त्या आकड्यासाठी मोजलेल्या रकमेच्या बदल्यात नेमके काय हाती पडते, याचा विचार खरेदीपूर्वी क्वचितच होतो. मिररलेस कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर तो अधिकच आवश्यक ठरतो. कारण या कॅमेऱ्यांनी लेन्सचे काही जुने प्रश्न मिटवले, काही झाकून टाकले आणि काही नव्याने उभे केले.

प्राइम लेन्स म्हणजे जिचे नाभीय अंतर बदलत नाही अशी लेन्स. तिच्यात झूम नाही. चौकट बदलायची तर छायाचित्रकारानेच पुढे-मागे व्हायचे. या मर्यादेच्या मोबदल्यात लहान आकार, साधी रचना आणि मोठे अ‍ॅपर्चर या तीन गोष्टी मिळतात. त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आजच्या प्राइम लेन्समध्ये राहिल्या आहेत का, हा प्रश्न पुढे येईलच.

आकडा काय सांगतो

एफ/१.४ हे मुळात एक गुणोत्तर आहे. लेन्सचे नाभीय अंतर भागिले तिच्या उघड्या छिद्राचा व्यास, एवढाच त्याचा अर्थ. ३५ मिमीच्या लेन्सवर एफ/१.४ असेल तर समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास २५ मिमी भरतो. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एफ/२.८ च्या तुलनेत एफ/१.४ चौपट, तर एफ/५.६ च्या तुलनेत सोळापट प्रकाश आत घेते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्स लांब टोकाला बहुधा एफ/५.६ वर येऊन थांबतात. ज्या दिवाणखान्यात अशा झूमला १/८ सेकंदाचा शटर वेग लागतो, तेथे एफ/१.४ ची लेन्स त्याच आयएसओवर सुमारे १/१२५ सेकंदात काम उरकते. १/८ सेकंदात हाताचा कंप कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा सावरू शकेल. पण समोर धावणारे मूल ती थांबवू शकत नाही. फास्ट लेन्सचा हा सर्वांत साधा आणि सर्वांत खरा उपयोग होय.

फिल्मच्या काळात हा उपयोग जवळजवळ जीवनमरणाचा होता. १९२०च्या दशकात जर्मन छायाचित्रकार एरिक सालोमन यांनी राजकीय परिषदांच्या बंद दालनांत जी छायाचित्रे टिपली, ती एर्मानॉक्स कॅमेऱ्याच्या एफ/२ च्या अर्नोस्टार लेन्समुळे शक्य झाली. ती लेन्स लुडविग बर्टेले यांच्या रचनेची. १९७५च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांनी मेणबत्त्यांच्या उजेडातील दृश्ये झाइसच्या एफ/०.७ लेन्सने चित्रित केली, तीही फिल्मची संवेदनशीलता तोकडी पडत होती म्हणूनच. आज मध्यम किमतीचा मिररलेस कॅमेराही आयएसओ ३२०० वर समाधानकारक छायाचित्र देतो. त्यामुळे फास्ट लेन्स घेण्यामागचे कारण हळूहळू प्रकाशाकडून पार्श्वभूमी धूसर करण्याकडे सरकले आहे, आणि येथेच आकडा ग्राहकाची दिशाभूल करू लागतो.

एफ/१.४ हा आकडा लहान-मोठ्या सर्व सेन्सरवर सारखेच एक्स्पोजर देतो, पण सारखेच चित्र देत नाही. मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यावर २५ मिमी, एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिमी आणि फुल-फ्रेमवर ५० मिमी या लेन्स जवळपास सारखाच दृश्यकोन दाखवतात. तिन्ही एफ/१.४ च्या असल्या तरी त्यांच्या छिद्राचे व्यास अनुक्रमे सुमारे १८, २५ आणि ३६ मिमी असतात. पार्श्वभूमी किती विरघळेल हे ठरते या व्यासावर. फुल-फ्रेमच्या भाषेत बोलायचे तर पहिली लेन्स एफ/२.८ सारखी आणि दुसरी एफ/२.१ सारखी वागते. जाहिरातीत फुल-फ्रेमवर काढलेले चित्र पाहून लहान सेन्सरसाठी त्याच आकड्याची लेन्स घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते ती यामुळे. ती लेन्स वाईट नसते, अपेक्षाच चुकीच्या मापाने मोजलेली असते.

शिवाय काचेत थोडा प्रकाश हरवतोच. म्हणून चित्रपटाच्या लेन्सवर एफऐवजी प्रत्यक्ष आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा ‘टी’ आकडा छापलेला असतो.

आरसा गेल्यावर

मिररलेस या नावातच सांगितल्याप्रमाणे या कॅमेऱ्यात आरसा नसतो. २००८मध्ये पॅनासोनिकच्या ल्युमिक्स जी१ पासून ही जात बाजारात आली आणि २०१८मध्ये कॅनन व निकॉन यांनी फुल-फ्रेम मिररलेस आणल्यावर तिचे पारडे निर्णायकपणे जड झाले. आरशाला जागा लागत नसल्याने लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर घटले. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होते, झेड माउंटमध्ये १६ मिमी आहे; फुजिफिल्मच्या एक्स माउंटमध्ये १७.७ मिमी. मागचे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ नेता येऊ लागल्याने लेन्सची रचना करणाऱ्यांना मोठी मोकळीक मिळाली. तिचा उपयोग लेन्स लहान करण्यासाठी होईल, असे सुरुवातीला सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उलटेच घडले.

फुजिफिल्मच्या तीन लेन्स शेजारी ठेवल्या की हे चांगले समजते. २०१२च्या जानेवारीत एक्स-प्रो१ कॅमेऱ्यासोबत एक्सएफ ३५ मिमी एफ/१.४ जाहीर झाली. तिच्यात ६ गटांत ८ भिंगे, अ‍ॅपर्चरला ७ पाती, ५२ मिमीचा फिल्टर आणि वजन १८७ ग्रॅम. २०१५मध्ये त्याच नाभीय अंतराची एफ/२ ची लेन्स आली: ६ गटांत ९ भिंगे, १७० ग्रॅम, पाणी-धुळीपासून संरक्षण. २०२१मध्ये ३३ मिमी एफ/१.४ आली: १० गटांत १५ भिंगे आणि वजन ३६० ग्रॅम. अमेरिकेत त्यांच्या पदार्पणाच्या किमती अनुक्रमे ५९९, ३९९ आणि ७९९ डॉलर होत्या. पहिल्या आणि तिसऱ्या लेन्सवर आकडा एकच, एफ/१.४, पण भिंगे आणि वजन जवळजवळ दुप्पट. ही वाढ प्रकाशासाठी झालेली नाही. ती झाली चौकटीच्या कोपऱ्यांसाठी, रंगदोष घालवण्यासाठी आणि फोकसच्या वेगासाठी. ज्याला या तीन गोष्टी नको आहेत, त्याने त्यांचे पैसे का द्यावेत, हा रास्त प्रश्न आहे.

याला आणखी एक पदर आहे. २०२२मध्ये फुजिफिल्मने एक्स-एच२ हा ४० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला आणि त्याच्या सेन्सरला पूर्ण न्याय देऊ शकतील अशा लेन्सची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत ३३ मिमी होती, स्वस्त ३५ मिमी एफ/२ सुद्धा होती. जुनी ३५ मिमी एफ/१.४ मात्र नव्हती. तरीही या जुन्या लेन्सचे चाहते कमी झाले नाहीत. उघड्या अ‍ॅपर्चरवरची किंचित मृदुता, धूसर भागाकडे होणारे हळुवार संक्रमण आणि खिशात मावणारा आकार यांसाठी ती घेतली जाते. याला भावुकता म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. माणसाच्या चेहऱ्याला प्रत्येक वेळी ४० मेगापिक्सेलचा काटेकोरपणा हवासा असतोच असे नाही.

वर्तमानपत्राची कसोटी

लेन्सच्या माहितीपत्रकात एमटीएफ नावाचा आलेख दिलेला असतो. चौकटीच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत लेन्स बारीक रेषांमधला काळा-पांढरा फरक किती टिकवते, हे तो दाखवतो. बहुतेक कंपन्यांचे आलेख रचनेवरून संगणकाने काढलेले असतात. प्रत्यक्ष कारखान्यातून निघालेल्या लेन्सचे ते मोजमाप नव्हे. दोन कंपन्यांचे आलेख वेगवेगळ्या जाडीच्या रेषांसाठी असल्यास त्यांची तुलनाही निरर्थक ठरते. आलेखाचा उपयोग एकाच कंपनीच्या दोन लेन्स ताडून पाहण्यापुरता.

घरच्या घरी करण्याजोगी कसोटी त्याहून बोलकी असते, आणि तिला लागणारे साहित्य रोज सकाळी दारात पडते. मराठी वर्तमानपत्राचे पान भिंतीवर ताठ, सपाट चिकटवावे. कॅमेरा तिकाटण्यावर, पानाशी बरोबर काटकोनात ठेवावा आणि लेन्स पूर्ण उघडून छायाचित्र घ्यावे. देवनागरी लिपी या कामासाठी जणू मुद्दाम घडवली आहे. शिरोरेषा आडवी आणि काना उभा. चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या कडेला शिरोरेषा स्पष्ट पण काना पसरट दिसत असेल, तर लेन्स त्या भागात आडव्या आणि उभ्या रेषा सारख्या उमटवत नाही. एमटीएफच्या आलेखात अखंड आणि तुटक अशा दोन रेषा एकमेकींपासून दूर जातात, तेव्हा त्यांना हेच सांगायचे असते. कान्याच्या एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर कड दिसली, तर तो रंगदोष सॉफ्टवेअर सहज पुसू शकते. त्याची फारशी चिंता करू नये.

त्यानंतर तेच पान टेबलावर आडवे पसरून तिरप्या कोनातून मधल्या एका मथळ्यावर फोकस करावा. आता फोकसच्या अलीकडची काळी अक्षरे जांभळट आणि पलीकडची हिरवट दिसू लागली, तर तो दुसऱ्या प्रकारचा, खोलीतला रंगदोष. फास्ट लेन्समध्ये तो सर्रास आढळतो आणि सॉफ्टवेअरला पूर्णपणे दाद देत नाही. दागिने, पांढरी वस्त्रे, पाण्यावरची चकाकी अशा विषयांत तो खटकतो. लग्नसमारंभ टिपणाऱ्याने या एका कसोटीकडे विशेष लक्ष द्यावे.

हीच मांडणी न हलवता एफ/१.४, २, २.८ आणि ४ वर एकेक छायाचित्र घ्यावे. काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर लहान करताच सर्वाधिक स्पष्ट असलेली ओळ मागे सरकते. कॅमेरा उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकस करून मग पाती मिटत असेल, तर एफ/२.८ वर चित्र अकारण मऊ दिसते आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो.

या कसोट्या जवळच्या अंतरावरच्या आहेत, हे विसरून चालणार नाही. जी लेन्स दीड मीटरवर साधारण वाटते, ती दूरच्या दृश्यात उत्कृष्ट ठरू शकते आणि याच्या उलटही घडते. ज्या अंतरावर आणि ज्या अ‍ॅपर्चरवर काम करायचे आहे, तेथेच तिला तपासावे. एफ/५.६ वर बहुतेक प्राइम लेन्स इतक्या सारख्या असतात की त्या अ‍ॅपर्चरवरील तुलनेने काहीच ठरत नाही. एफ/१.४ चे पैसे मोजून सदैव एफ/५.६ वर छायाचित्रे काढायची असतील, तर एफ/२ ची लेन्स घेऊन उरलेल्या पैशांत प्रवास करावा.

फोकस: एक प्रश्न मिटला, दुसरा उरला

आरशाच्या कॅमेऱ्यात फोकससाठी स्वतंत्र सेन्सर असे. त्याची आणि मुख्य सेन्सरची जुळणी किंचित जरी बिघडली, तरी फास्ट लेन्स सातत्याने डोळ्याऐवजी कानावर फोकस करी. मिररलेसमध्ये चित्र घेणारा सेन्सरच फोकसही ठरवत असल्याने हा विकार मुळातून गेला. उघड्या अ‍ॅपर्चरच्या लेन्ससाठी मिररलेसची ही सर्वांत मोठी देणगी आहे, आणि डोळा ओळखणाऱ्या आजच्या यंत्रणेने तिच्यात भरच घातली आहे.

तिची गरज किती, ते एका आकड्यावरून कळेल. एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिमी लेन्स एफ/१.४ ला असताना एक मीटरवरील चेहऱ्यावर स्पष्टतेची खोली सुमारे साडेचार सेंटिमीटर मिळते. एफ/२ वर ती साडेसहाच्या आसपास जाते. छायाचित्रकार श्वास घेताना पुढे-मागे झुलला तरी त्यातला बराच भाग खर्ची पडतो.

उरलेला प्रश्न वेगाचा. जुन्या ३५ मिमी एफ/१.४ मध्ये फोकससाठी भिंगांचा संपूर्ण संच पुढे-मागे सरकतो. तो संथ आहे आणि त्याचा घरघर आवाज येतो. स्थिर माणसासाठी हे चालते. धावत्या मुलासाठी, किंवा शांत नाट्यगृहात पहिल्या रांगेतून छायाचित्रे घेणाऱ्यासाठी ते चालत नाही. ३३ मिमी मध्ये आतली भिंगेच रेषीय मोटरने सरकतात. आवाज जवळपास नाही. व्हिडिओ चित्रित करणाऱ्याने आणखी एक पाहावे: फोकस जवळून दूर नेताना चौकट आत-बाहेर होते का. स्थिर छायाचित्रात हे जाणवतही नाही, व्हिडिओत मात्र ते लपत नाही.

भर दुपारी वेगळीच अडचण येते. आयएसओ २०० वर कडक उन्हात एफ/१.४ साठी शटर सुमारे १/२५,००० सेकंद लागते. एक्स-प्रो१ चे यांत्रिक शटर १/४००० वर थांबत असे. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावणे किंवा इलेक्ट्रॉनिक शटर वापरणे हे त्यावरचे उपाय. इलेक्ट्रॉनिक शटरने वेगवान हालचाल वाकडी दिसते आणि एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे उमटू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

धूसरपणाचा दर्जा

पार्श्वभूमीच्या धूसरपणाच्या पोताला ‘बोके’ म्हणतात. शब्द मूळचा जपानी. १९९७मध्ये ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकाने तो इंग्रजीत रुळवला. मराठी कानाला त्यातून मांजरेच आठवतात, आणि योगायोग असा की चौकटीच्या कडेला या धूसर दिव्यांच्या चकत्या खरोखरच मांजराच्या डोळ्यासारख्या लांबट होतात. लेन्सच्या नळकांड्याची कड तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग अडवते म्हणून असे घडते. हा दोष मानावा की सौंदर्य, हे पाहणाऱ्यावर. चकत्यांच्या आत कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे दिसणे हे मात्र अगोलीय भिंगांच्या घडणीतून येते आणि दिवाळीच्या रोषणाईत ते फार डोळ्यांत भरते. दुकानात ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. रस्त्यापलीकडचे दिवे धूसर करून पाहावेत, मग झाडाची पाने. दिव्यांशी सौम्य वागणारी लेन्स फांद्यांच्या गुंत्यात कधीकधी फार अस्वस्थ चित्र देते.

सॉफ्टवेअर काय लपवते

मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे चित्र आधीच दुरुस्त झालेले असते. लेन्सच्या आत साठवलेल्या माहितीवरून कॅमेरा रेषांचा बाक सरळ करतो आणि कोपऱ्यांचा अंधार उजळतो. ३५ मिमी एफ/२ ची रचना या दुरुस्तीवर बरीच विसंबलेली आहे, जुनी एफ/१.४ त्या मानाने काचेतच सरळ आहे. दुरुस्ती फुकट होत नाही. बाक सरळ करताना कडेचे पिक्सेल ताणले जातात, कोपरा उजळताना तेथील कणीदारपणा वाढतो. तरीही अंतिम चित्र चांगले असेल, तर ते काचेने दिले की गणिताने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याला रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे काढायची आहेत, त्याने मात्र दुरुस्ती बंद करून कोपरे जरूर पाहावेत.

हातात आलेली प्रत

परीक्षणे वाचून मॉडेल निवडता येते, प्रत निवडता येत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात. लेन्स भाड्याने देणाऱ्या अमेरिकेतील लेन्सरेंटल्स या कंपनीने एकेका मॉडेलच्या दहा-दहा प्रती मोजून त्यांतील तफावत वेळोवेळी प्रसिद्ध केली आहे. एखादे भिंग केसाएवढे जरी तिरके बसले, तरी चौकटीची एक बाजू मऊ पडते. हे ओळखण्यासाठी दूरची एखादी पाटी किंवा खिडकी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून छायाचित्र घ्यावे. चारही सारखीच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बिघडलेली असेल तर प्रत बदलून मागावी. ही तपासणी परतीची मुदत संपण्यापूर्वीच करायची असते.

वापरलेली लेन्स घेताना मुंबई-कोकणच्या ग्राहकाने बुरशीची भीती सर्वांत आधी बाळगावी. पावसाळ्यात बंद कपाटात, कातडी पिशवीत राहिलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे तंतू पसरतात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून मागून विजेरीचा झोत टाकला की ते दिसतात. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. तंतू दिसले, किंवा काचेवर धुक्यासारखा एकसारखा थर असला, तर किंमत कितीही उतरवली तरी व्यवहार करू नये. बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही तिचे व्रण राहतात. पाणी-धुळीपासून संरक्षण असलेल्या लेन्सलाही हे लागू आहे, कारण ते संरक्षण शिंतोड्यांसाठी असते, महिनाभराच्या दमट हवेसाठी नव्हे. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवावी. जेलचे दाणे रंग बदलू लागले की ते तापवून कोरडे करावेत आणि पुन्हा वापरावेत.